अनारचा शेवटचा डबा

(कोकंद शहर. मे महिन्यातली सकाळ. पाळणे रंगवणारे उस्ता (म्हणजे उस्ताद कारागीर) सोबीर आणि त्यांची बायको ताजीनिसा अंगणात चहाला बसले आहेत. समोर द्राक्षाच्या मांडवाखाली नवा लाल पाळणा, जमिनीवर डोलणारा, दोन टोकांना कमानी आणि वर आडवी दांडी असलेला.)

ताजीनिसा: ...अहो पण हात लावून बघितल्याशिवाय कळणार कसं?

सोबीर: नको लावूस. परवा लावलास, काल लावलास. तुझ्या बोटांचे ठसे एवढे झालेत त्याच्यावर, की पोलिसांनासुद्धा दुसरा पुरावा लागायचा नाही.

ताजीनिसा: हे बघा. बघा बोट! लाल. आठवडा उलटला, अजून ओलाच आहे.

सोबीर: ओला नाही. जरासा चिकट आहे.

ताजीनिसा: बरं, चिकट. तुमची आईसुद्धा तुम्हाला हट्टी म्हणायची नाही, ‘माझा सोबीर ठाम आहे’ म्हणायची. तसलंच हे.

सोबीर: अनार सावकाश वाळतो. खानदानी रंग आहे तो. खानदानी माणूस कधी धावत सुटलेला बघितलास?

ताजीनिसा: खानदानी माणूस उशिरा का होईना, पोचतो तरी. आज बुधवार. शनिवारी पहाटे आपल्याला समरकंदला निघायचंय, रविवारी व्याह्यांच्या घरी पाळण्याचा सोहळा. तोवर हा असाच राहिला तर? गाडीच्या टपावर ठेवला की बसेल घट्ट, दोरीनं बांधायचे कष्ट तेवढे वाचतील.

सोबीर: हवा दमट आहे.

ताजीनिसा: कोकंदची हवा? दमट? माझ्या चादरी दोरीवर टाकते न टाकते तोच वाळतात, आणि मी वळेपर्यंत शेजारच्या अंगणात जाऊन पडतात. कोकंदच्या वाऱ्याला दमट म्हणणारे तुम्हीच पहिले.

सोबीर: मग लाकूड ओलं असेल. सुताराला मी सांगितलं होतं, तुतीचं लाकूड दोन उन्हाळे ठेवल्याशिवाय कापू नकोस म्हणून.

ताजीनिसा: आज सुतार. काल काय, तर चंद्र. परवा पॉपलरची झाडं. नाचता येईना अंगण वाकडं! एकदा म्हणून तर बघा, ‘ताजीनिसा, रंग बिघडलाय.’ जीभ झडणार नाही.

सोबीर: अनार बिघडत नाही.

ताजीनिसा: अहो, अनारच्या कारखान्याला टाळं लागून जमाना झाला. डबा आपल्या लेकीच्या, मुहाय्योच्या लग्नाआधीचा. इतक्या वर्षांत माणूससुद्धा आंबतो. माझ्याकडे बघा.

सोबीर: तू आंबली नाहीस. मुरलीस.

ताजीनिसा: झालं! लोणचं करून टाकलंत माझं.

सोबीर: आणि डबा मी नीट सांभाळला होता.

ताजीनिसा: ते मला सांगताय? माझ्याच पलंगाखाली होता तो. दर महिन्याला वाकायचं, कण्हायचं, त्याला पालथा घालायचा. पुढच्या महिन्याला पुन्हा सुलटा.

सोबीर: वर साय धरू नये म्हणून.

ताजीनिसा: मुहाय्यो लहानपणी तापानं फणफणली होती, तेव्हा तिचीही कूस कुणी इतक्या मायेनं बदलली नव्हती. आणि पाहुणा आला रे आला, की काढायचा बाहेर! लोक आपल्या नातवंडांचे फोटो दाखवतात. आमचे हे डबा दाखवणार. ‘बघा बघा, झाकणावर डाळिंब. असली अनार. शेवटचा.’

सोबीर: नातवंड नव्हतं ना गं तेव्हा दाखवायला.

ताजीनिसा: ...चहा घ्या. निवतोय.

सोबीर: घेतो.

ताजीनिसा: मी काही टोचून बोलले नाही हं.

सोबीर: माहीत आहे मला. दार वाजलं बहुतेक.

खोलमत: अस्सलाम आलेकुम, दाजी! ताई, दार उघडंच होतं म्हणून आलो सरळ आत... अरे बापरे! हे काय, मेंढी पाळलीत?

सोबीर: याला कुणी बोलावलं?

ताजीनिसा: मी. माझा सख्खा भाऊ आहे, त्याला बोलवायला मला परवानगी लागत नाही. ये रे खोलमत, बस इथे. प्याला घे.

खोलमत: बसतो, पण आधी हे बघू दे. दाजी, नात अजून दूधच पितेय, आणि पाळण्याला दाढी फुटली?

सोबीर: पॉपलरचा कापूस आहे तो. साऱ्या गावात उडतोय, माझ्याकडे काय मुद्दाम येत नाही. रंग वाळला की फडक्यानं निघेल.

खोलमत: वाळला की ना? म्हणजे नातीच्या, आपल्या मेहरीच्या लग्नाच्या सुमाराला. तेव्हा मीच येतो फडकं घेऊन.

सोबीर: पिशवीत काय आणलंयस?

खोलमत: नान. ताईसाठी. तंदूरमधून आत्ताच काढलेत, हात लावा, गरम आहेत.

सोबीर: आणि नानच्या खाली?

खोलमत: नानच्या खाली... आता तसं बघायला गेलं तर दोन डबे आहेत.

सोबीर: वाटलंच. वास आला मला.

खोलमत: बंद डब्याचा वास आला? दाजी, तुमच्या नाकाखाली गाढव मेलं तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही. इतकी वर्षं टर्पेंटाइन हुंगून नाकाचा निकाल लावलाय तुम्ही.

ताजीनिसा: ते मात्र खरं. चुलीवर पुलाव करपत असला तरी यांना वास येत नाही, सांगावं लागतं.

सोबीर: घ्या! बहीण-भाऊ एका ताटात जेवायला बसले. खोलमत, ऐक. तुझा रंग मला ठाऊक आहे. सकाळी लावा, दुपारी वाळतो, आणि पुढच्या नवरोजला सापासारखी कात टाकतो.

खोलमत: तो जुना माल होता, दाजी. हा नवा आहे.

सोबीर: दरवर्षी नवाच असतो तुझा. माझ्या अनारला कधी नवं व्हावं लागलं नाही.

खोलमत: आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! दाजी, एक विचारू? रागावणार नसाल तर.

सोबीर: रागावेन. विचार.

खोलमत: चौकात रंगाचं दुकान मांडून मला वीस वर्षं होतील. तुम्ही रोज समोरून जाता. सलाम करता, तब्येत विचारता, माझ्या शेजाऱ्याच्या दुकानातून खिळे घेता. माझ्या दुकानाची पायरी एकदा चढला नाहीत. गिऱ्हाईक मला विचारतं, ‘खोलमत, तुझे दाजी एवढे नामी उस्ता, अंदिजानपर्यंत त्यांचे पाळणे जातात. ते कुठला रंग वापरतात?’ काय सांगू मी? ‘पलंगाखालचा’?

ताजीनिसा: खोलमत...

खोलमत: नाही ताई, हसतच सांगतोय. पण लोक हसतात ते वेगळं असतं.

सोबीर: मी घेतला होता तुझा रंग.

खोलमत: कधी?

सोबीर: मागेच. तांबट गल्लीतल्या माणसाला पाठवलं होतं. नाव सांगू नकोस म्हटलं.

ताजीनिसा: अगं बाई! चोरून? आणि मला पत्ता नाही?

सोबीर: तुला पत्ता लागला असता तर याला लागला असता. तासाभरात.

खोलमत: मग? कसा होता?

सोबीर: रंग चांगला होता. तेजदार होता, खोटं कशाला बोलू? पण कसं असतं खोलमत, मी शिकाऊ होतो तेव्हा माझा हात फार कापायचा. माझे उस्ता म्हणायचे, ‘या पोराला भिंतीला चुना मारायला पाठवा.’ अनारनं मला वाचवलं. तो रंग थांबतो. पाकळी काढली आणि मनासारखी वळली नाही, तर जावं, चहा प्यावा, कुणाशी चार शब्द बोलावे. परत यावं. पाकळी तशीच ओली असते, वाट बघत. बोट फिरवलं की वळते. त्यानं कधी मला म्हटलं नाही, ‘आता उशीर झाला.’ तुझा रंग लावला तर मी ब्रश उचलेपर्यंत दगड! आपल्या डोक्यावर कुणी उभं राहून ‘लवकर, लवकर’ ओरडतंय असं वाटलं मला. एक फूल काढलं आणि घाम फुटला.

खोलमत: हे मला आधी सांगितलं असतंत तर?

सोबीर: काय सांगायचं? उस्ता सोबीरचा हात कापतो म्हणून?

ताजीनिसा: कापतो तर कापतो. त्याच हातानं माझ्या लग्नाची पेटी रंगवलीत. बघणाऱ्या बायका आजही विचारतात, कुणाची कारागिरी.

सोबीर: म्हणून तर मुहाय्योच्या पाळण्यासाठी शेवटचा डबा राखून ठेवला. दुसरे किती जण मागायला आले. कुणी मंत्र्याच्या नातवासाठी म्हणालं, कुणी काय. मी म्हटलं, हा दिलेला आहे.

ताजीनिसा: दिलेला! आणि ज्यांना दिला त्यांचा पत्ताच नाही, वर्षामागून वर्षं. लग्नाला नऊ वर्षं झाली तिच्या. मी तर एकदा म्हटलंसुद्धा, काढून टाका हो तो पलंगाखालून, नजरेसमोर नको. तर चार दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

सोबीर: बोललो होतो. मीठ मागितलं होतं.

खोलमत: मग आता काय झालं तोंड पाडून बसायला? पोरगी आई झाली, नात गुटगुटीत आहे, तिकडे व्याह्यांनी अर्ध्या समरकंदला आवतण दिलंय. रंगाचं काय घेऊन बसलात?

सोबीर: तुला कळायचं नाही.

खोलमत: सांगून तर बघा.

सोबीर: आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी पाळणे रंगवले. एक रंग कधी वाळायचा राहिला नाही. एकही नाही, खोलमत. आणि माझ्या स्वतःच्या लेकीचा, इतक्या नवसाचा, तोच वाळत नाही. सकाळी उठतो आणि पहिलं काय करतो, तर इथे येतो. बोट लावतो. चिकट. मग मनात येतं...

ताजीनिसा: काय येतं?

सोबीर: काही नाही.

ताजीनिसा: बोला.

सोबीर: की हा पाळणा त्या पोरीला नको म्हणतोय. की काहीतरी पूर्ण व्हायचं राहिलंय, अजून. बाळ एवढंसं आहे गं. भीती वाटते मला.

ताजीनिसा: उचलली जीभ लावली टाळ्याला! तोंडात साखर घाला आधी. घाला म्हणते ना! हे घोळत होतं आठवडाभर पोटात? म्हणून रात्री कुशीवर कूस बदलत होतात? मला वाटलं संधिवात.

सोबीर: संधिवातही आहे.

ताजीनिसा: तिथे ती मुलगी ठणठणीत रडतेय, फोनवरून माझे कान किटले, दाई म्हणते असा आवाज सात घरांत नाही. आणि इथे आजोबा पाळण्याशी बोलतायत! लाकूड आहे ते. त्याच्यावर रंग आहे. बस्स. दुसरं काही नाही.

खोलमत: थांबा. थांबा जरा दोघं. दाजी, मी हात लावू?

सोबीर: लाव, तूही लाव. गावच लोटू दे आता.

खोलमत: हं... ही गंमत बघा. न वाळलेला रंग कसा असतो? बोटाला ओढ धरतो, डिंकासारखा. हा ओढ धरत नाही. हा घसरतो. दाजी, हा चिकट नाही, हा तेलकट आहे.

सोबीर: तेल घातलंच आहे मी. नेहमी घालतो. अनार जाड असतो, तेलाशिवाय ब्रश चालत नाही.

खोलमत: कुठलं तेल?

सोबीर: हा काय प्रश्न झाला? जवसाचं. घाण्यावरून काढून आणलेलं. माझ्या रंगात जवसाखेरीज दुसरं तेल गेलेलं नाही, आणि जाणार नाही.

खोलमत: आणि ते असतं कुठे?

सोबीर: स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर. माझ्या खोलीत ठेवलं की उंदीर झाकण कुरतडतात.

खोलमत: ताईची सरकीच्या तेलाची बाटली कुठे असते?

सोबीर: शेजारीच. पण माझ्या बाटलीला निळं झाकण, तिच्या बाटलीला पांढरं. कित्येक वर्षांचा नेम आहे तो. तू जे सुचवतोयस ना खोलमत, ते या घरात होणं नाही. तुझी ताई स्वयंपाकघरात डोळे मिटून वावरली तरी तिचा हात चुकत नाही.

ताजीनिसा: ऐक रे, ऐक. रोज ऐकायला मिळत नाही हे.

सोबीर: खरंच सांगतो. मागच्या गुरुवारचीच गोष्ट घे. काय पुलाव केला होता हिनं! मी इतकी वर्षं हिच्या हातचं खातोय, पण तसा कधी झाला नव्हता. विहीणबाईंच्या घरी समरकंदला खाल्ला होता ना आपण, हुबेहूब तसा. मी दुसऱ्यांदा वाढून घेतला. म्हटलं, विहीणबाईंकडून शिकून आलीस काय?

खोलमत: समरकंदसारखा झाला होता?

सोबीर: अगदी तीच चव! डोळे मिटले तर वाटावं, त्यांच्याच ओसरीवर बसलोय.

खोलमत: दाजी.

सोबीर: काय?

खोलमत: समरकंदवाले पुलाव कुठल्या तेलात करतात?

सोबीर: कुठल्या म्हणजे, ते लोक आपल्यासारखं सरकीचं वापरत नाहीत. ते पहिल्यापासून जवसाच्या...

खोलमत: हं. बोला ना पुढे.

सोबीर: ...ताजीनिसा?

ताजीनिसा: मला वाटलं गाजरं वेगळी आहेत.

सोबीर: ताजीनिसा!

ताजीनिसा: मला तर तो वास आवडलाही नव्हता! मी म्हटलं, कढई नीट घासली गेली नाही. पण तुम्ही वाहवा करत सुटलात, मग मी कशाला बोलू? शहाणी बाई आयती आलेली वाहवा परत करते का?

खोलमत: काखेत कळसा आणि गावाला वळसा! चंद्र झाला, वारा झाला, सुतार झाला... आणि माझ्या ताईनं दाजींचा रंग खाऊ घातला, दाजींनी ताईचा पुलाव पाळण्याला फासला!

ताजीनिसा: हसू नकोस, मार खाशील. झाकणं... थांबा, झाकणं कधी बदलली? आठवतंय. समरकंदहून फोन आला ना, मुलगी झाली म्हणून? त्या दिवशी मला बसवेना. काय करू आणि काय नको. सगळं घर धुऊन काढलं. फळ्या धुतल्या, बाटल्या पुसल्या, झाकणं गरम पाण्यात टाकली. मग शेजारणी आल्या, सगळ्या एकदम बोलायला लागल्या, मी रडत होते का हसत होते कुणास ठाऊक. त्यात कुठलं झाकण कुठे बसवलं...

खोलमत: आणि दाजी, तुम्ही? तेल तळहातावर चोळून बघितल्याशिवाय तुम्ही रंगात घालत नाही. माझ्यासमोर कितीदा चोळलंयत. चोळलंत त्या दिवशी?

सोबीर: नाही.

ताजीनिसा: कसे चोळतील? गात होते! हे, आणि गात होते! मी खिडकीतून बघितलं. डबा काढला, झाकणावरची धूळ बाहीनं पुसली, आणि सूर लावला. कोंबड्या पळाल्या अंगणातून.

सोबीर: म्हणजे रंग बिघडला नव्हता.

खोलमत: नाही.

सोबीर: लाकूडही नाही. आणि मी म्हणत होतो तेही काही नाही.

ताजीनिसा: काही नाही. दोन म्हातारी माणसं आनंदानं वेडी झाली होती, एवढंच झालं. याला कुणी अपशकुन म्हणत नाही, अहो.

सोबीर: म्हणजे अनार निर्दोष! बघितलंस? खोलमत, बघितलंस? मी काय सांगत होतो? अनार बिघडत नाही!

ताजीनिसा: नाचा आता. पाळणा तेलकट तो तेलकटच आहे, आणि सरकीचं तेल काही केलं तरी वाळायचं नाही.

सोबीर: हो. ते आहेच.

खोलमत: दाजी, बसा. असे एकदम खाली काय बघता?

सोबीर: संपला रे. एवढी वर्षं राखला आणि सरकीच्या तेलात घालवला. पुन्हा कुठून आणू?

ताजीनिसा: अहो...

सोबीर: असू दे. तुझी चूक नाही. माझीही नाही. फोन आला ही काय चूक झाली? पण जरा वेळ वाईट वाटून घेऊ दे मला.

खोलमत: घ्या. मी नान खातो तोवर.

ताजीनिसा: डब्यात काहीच नाही उरलेलं?

सोबीर: तळाशी आहे थोडा. तेल न घातलेला. बारीक रेघांसाठी मी आधीच बाजूला काढतो. चहाच्या एका प्याल्यात मावेल, तेवढाच.

खोलमत: मग ऐका माझं. रॉकेल आणतो. तिघं मिळून हे सगळं पुसून काढू, दुपारपर्यंत लाकूड उघडं पडेल. उन्हात ठेवू. उद्या सकाळी...

सोबीर: उद्या सकाळी तुझा रंग.

खोलमत: मी असं नाही म्हटलं. तुम्हाला जो पाहिजे तो. चौकात आणखी दोन दुकानं आहेत.

सोबीर: पिशवीतले डबे काढ.

खोलमत: दाजी?

सोबीर: काढ, माझं मन बदलायच्या आत. नान बाजूला ठेव आधी, नाहीतर तुझी ताई त्याचाही पुलाव करेल.

ताजीनिसा: मी बोलतच नाही आता.

सोबीर: लाल कुठला आहे? हा? हं. वाईट नाही. खरं म्हणजे चांगलाच आहे. किती वेळ देतो हा?

खोलमत: पाकळीपुरता तेवढा देतो. पण मी एक करतो, थोडा थोडा ओतून देतो तुम्हाला, एका वेळी एका फुलापुरता. डबा बंद ठेवतो. हवा लागली नाही की जरा दम धरतो तो. आणि तुमचा हात कापला तर...

सोबीर: तर?

खोलमत: तर मी काही बघितलं नाही. मी कापूस पकडत होतो, पॉपलरचा.

सोबीर: आणि समरकंदला कुणी विचारलं, उस्ता, रंग कुठला, तर सांगेन, माझ्या मेव्हण्याच्या दुकानातला. चौकात आहे, खिळेवाल्याच्या शेजारी.

खोलमत: ...ताई, चहा दे गं. नान कोरडाच खाल्ला मघाशी.

ताजीनिसा: नान अडकला असेल. घे. बरं, आता अनारचं ठरवा. प्यालाभर आहे ना? पुढच्या कमानीवर एक मोठं डाळिंबाचं फूल काढा. विहीणबाई पाळणा बघायला येतील तेव्हा पहिली नजर तिथेच जाणार. आणि त्या काय नजरेच्या आहेत! धुतलेल्या तांदळातला खडा काढतील.

खोलमत: बरोबर. बाकीचा माझा, आणि ऐन मध्यावर असली अनार. पाहुणे बघतच राहतील.

सोबीर: कमानीवर नाही. वरच्या आडव्या दांडीवर लावणार.

ताजीनिसा: दांडीवर? अहो, दांडीवरून पडदे सोडायचे असतात, एकावर एक सात. तिथे कुणाला दिसणार?

सोबीर: न दिसेना.

खोलमत: आणि नक्षी कसली काढणार? गोल दांडी ती.

सोबीर: नक्षी नाही. नुसता लाल. एक पातळ हात. तेलाऐवजी टर्पेंटाइननं पातळ करून दिला तर उन्हात शनिवारपर्यंत वाळतो.

ताजीनिसा: एवढी वर्षं कूस बदलून जपलेला रंग, आणि पडद्याखाली लपवणार? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?

सोबीर: माझ्याकडे जुने पाळणे दुरुस्तीला येतात. बघितलेयस तू. कमानी नव्यासारख्या असतात, खालचे डोलते पाय तेवढे घासलेले. पण दांडीच्या मधोमध, हातभर, रंग म्हणून उरलेला नसतो. लाकूड कसं गुळगुळीत झालेलं असतं. आई रात्री उठते, बाळाला तसंच पाळण्यात ठेवून वाकून पाजते, आणि झोपेत पडू नये म्हणून दांडीला धरते. रोज. दोन-दोन वर्षं. मग पुढचं मूल. ते लाकूड बघून मी सांगतो, या घरात किती पोरं वाढली.

ताजीनिसा: हो. मीही धरायची.

सोबीर: मुहाय्यो मागे राहायला आली होती इथे. पाचेक वर्षं झाली असतील. असाच एक जुना पाळणा अंगणात होता. मी खोलीतून बघितलं. तिला वाटलं कुणी नाही. तिनं त्या दांडीवर हात ठेवला, बरोबर त्या झिजलेल्या जागी. दुसऱ्या कुणा बाईनं झिजवलेल्या. थोडा वेळ उभी राहिली. मग झटकन काढून घेतला.

ताजीनिसा: तुम्ही मला बोलला नाहीत.

सोबीर: काय बोलायचं होतं त्यात?

खोलमत: पण दाजी, मग तर तिथला रंग सगळ्यात आधी जाणार. बघता बघता झिजेल तो, तिच्या हातानं.

सोबीर: झिजू दे की. त्याचसाठी तर ठेवला होता.